सक्तीची बंदी आणि बिडीपासून कायमची सुटका : एक आढावा

तंबाखू हाताशी येऊच दिली नाही, तर बिडी-सिगारेट ओढणारा माणूस काही आठवड्यांत तिच्यावाचून राहायला शिकतो आणि पुढेही तसाच राहतो, अशी समजूत सर्वत्र आढळते. घरची माणसे याच भरवशावर ओढणाऱ्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवतात आणि सरकारे याच आधारावर विक्रीबंदीचे आदेश काढतात. दुसरीकडे, सक्तीने सोडवलेली बिडी सक्ती उठताच परत तोंडात येते, हा अनुभवही तितकाच जुना आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तुरुंग, लष्करी प्रशिक्षण, रुग्णालये, विमानप्रवास आणि २०२० ची टाळेबंदी यांमुळे या वादाला प्रत्यक्ष पुरावा मिळत गेला. त्यातून होय किंवा नाही असे एकच उत्तर निघत नाही. सक्ती कोणती, ती कोणावर आणि ती संपल्यावर माणूस कुठे परततो, असे प्रश्नाचे भाग पाडले तर मात्र बरेच काही सांगता येते.

कर्नाटक, महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्या सीमेवरचा बीदर-कलबुर्गीचा पट्टा हा प्रश्न तपासायला सोयीचा आहे. पुणे-हैदराबाद महामार्गावरच्या मन्नाएखेळ्ळीहून पश्चिमेला हुमनाबादवरून उमरगा-सोलापूर गाठता येते, पूर्वेला जहिराबादवरून हैदराबाद. कन्नड, मराठी, दख्खनी उर्दू आणि तेलुगू अशा चारही भाषा कानावर पडणाऱ्या या भागात सरकारी बंदी, रमजानचा रोजा, अय्यप्पाचे व्रत आणि मठाच्या स्वामींनी घ्यायला लावलेली शपथ हे सक्तीचे सगळे प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

सक्ती कोणती आणि सुटका कशाला म्हणायचे

अभ्यासक ज्याला सक्तीचा संयम म्हणतात त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिलीत माणूसच अडकलेला असतो : कैदी, प्रशिक्षणार्थी सैनिक, खाटेवरचा रुग्ण. दुसरीत माणूस मोकळा असतो पण माल मिळत नाही, म्हणजे विक्रीबंदी. तिसरीत बंधन धर्माचे, समाजाचे किंवा स्वतःच्या शब्दाचे असते. ते बाहेरून सक्तीसारखे दिसते, पण माणसाने ते आपले मानलेले असते. या तिन्हींचे परिणाम सारखे निघत नाहीत, आणि वादातला निम्मा गोंधळ त्यांना एकत्र मोजल्यामुळे झाला आहे.

‘कायमची’ सुटका मोजणेही सोपे नाही. मरेपर्यंत कोणाचा पाठपुरावा करता येत नाही, म्हणून संशोधनात साधारणपणे सहा महिने किंवा एक वर्ष ही मर्यादा धरतात आणि श्वासातील कार्बन मोनॉक्साइड किंवा लाळेतील कोटिनीन (शरीरात निकोटीनपासून बनणारा पदार्थ) तपासून तोंडी उत्तराची खातरजमा करतात. कोणत्याही मदतीशिवाय सोडणाऱ्यांपैकी सहा ते बारा महिन्यांनंतर टिकून राहणारे अवघे ३ ते ५ टक्के असतात, असे या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढच्या प्रत्येक आकड्याकडे या पट्टीच्या शेजारी ठेवूनच पाहावे लागते.

या भागात आणखी एक अडचण आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार कर्नाटकात ८.८ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते आणि १६.३ टक्के धूरविरहित तंबाखू वापरत होते. महाराष्ट्रात हेच आकडे ३.८ आणि २४.४ असे होते. म्हणजे बिडी बंद झालेल्या माणसाच्या खिशात तंबाखू-चुन्याची डबी असण्याची शक्यता इथे युरोप-अमेरिकेपेक्षा कितीतरी जास्त. सिगारेटवर झालेल्या परदेशी अभ्यासांत ‘सोडली’ म्हणजे निकोटीन सुटले असे बहुधा धरता येते. इथे बिडी सुटते आणि निकोटीन तसेच राहते, असे सहज होऊ शकते.

शरीराचा हिशेब

सक्तीच्या बाजूने सर्वांत बळकट युक्तिवाद शरीरशास्त्राचा आहे. रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे, भूक वाढणे, कामात लक्ष न लागणे हा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोचतो आणि बहुतेकांत तीन-चार आठवड्यांत ओसरतो. सततच्या निकोटीनमुळे मेंदूत वाढलेली निकोटीन-ग्राहींची (रिसेप्टरची) संख्या साधारण तीन ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला येते, असे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसले आहे.

स्वतःहून सोडणारे बहुतेक जण पहिल्या आठवड्यातच हरतात. तेव्हा हा आठवडा, फार तर महिना, माणसाला कोणीतरी बाहेरून धरून ठेवले, तर सर्वांत अवघड घाट ओलांडला जाईल, असे म्हणणे तर्काला धरून आहे. ते खरे असते तर सहा आठवडे तंबाखूशिवाय राहिलेल्यांपैकी बहुसंख्य लोक पुढेही मोकळे राहायला हवे होते.

सुमारे सहा आठवड्यांचे तीन अनुभव

योगायोगाने जवळजवळ सारख्या लांबीची तीन उदाहरणे उपलब्ध आहेत.

पहिले अमेरिकेच्या हवाई दलाचे. तिथल्या प्राथमिक प्रशिक्षणात सहा आठवडे तंबाखूला पूर्ण मज्जाव असे. रॉबर्ट क्लेस्जेस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये सुमारे २६ हजार प्रशिक्षणार्थींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधी ओढणाऱ्यांपैकी सुमारे १८ टक्के एका वर्षानंतरही ओढत नव्हते. हा आकडा दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने वापरतात. ३ ते ५ टक्क्यांच्या तुलनेत तो कितीतरी मोठा आहे, हे सक्तीचे समर्थक दाखवतात. विरोधक विचारतात की सहा आठवडे कडेकोट बंदोबस्तात राहूनही पाचांतले चार परत ओढू लागले, तर घाट ओलांडला कुठे? तुलना सरळ नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवे. हे विशी-बाविशीच्या आतबाहेरचे, धडधाकट आणि ओढण्याची थोडीच वर्षे झालेले तरुण होते. तीस वर्षे रोज दोन बंडले ओढणाऱ्या पन्नाशीच्या शेतमजुराला त्यांचा आकडा लावता येत नाही. त्याच काळात आधी कधी न ओढलेल्या काही तरुणांनी प्रशिक्षणानंतर ओढायला सुरुवात केली, हीदेखील त्या अभ्यासातली महत्त्वाची नोंद आहे. बंदीचा काळ संपल्यावर ते ज्या वातावरणात गेले त्यात सिगारेट होती.

याच गटाने २००६ मध्ये ३३ हजारांहून अधिक प्रशिक्षणार्थींवर दुसरा प्रयोग केला. त्यात बंदीच्या जोडीला प्रत्येकाच्या सवयीनुसार थोडे समुपदेशन दिले. एका वर्षानंतर सिगारेट सोडून राहिलेले समुपदेशनाच्या गटात सुमारे साडेपंधरा टक्के, दुसऱ्या गटात पावणेचौदा टक्क्यांच्या आसपास. लाभ लहान, पण खरा. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांत तो अधिक ठळक होता, आणि बीदर-कलबुर्गीसारख्या भागाच्या दृष्टीने या अभ्यासातली हीच गोष्ट सर्वाधिक कामाची आहे.

दुसरे उदाहरण टाळेबंदीचे. कोविडने भारतातला पहिला मृत्यू कलबुर्गीत झाला, १० मार्च २०२० रोजी. त्यामुळे या भागाने निर्बंध देशाच्याही आधी पाहिले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली आणि पानटपऱ्या बंद झाल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने १५ एप्रिलच्या सूचनांत दारू, गुटखा आणि तंबाखूच्या विक्रीवर स्पष्ट बंदी घातली. ४ मेपासून अंतर राखण्याच्या अटीवर विक्रीला वाट मोकळी झाली. हा काळ सुमारे चाळीस दिवसांचा. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या सर्व वयांच्या आणि थरांच्या माणसांवर एकाच वेळी तंबाखूबंदी येण्याचा दुसरा प्रसंग भारतात आलेला नाही. पण ही बंदी कधीच पुरी झाली नाही. माल चढ्या भावाने मिळत राहिला, बिडी संपली तिथे कच्ची तंबाखू चोळून खाल्ली गेली, आणि भीती, बेकारी व घरात कोंडून राहणे यांचा ताण त्याच वेळी वाढलेला होता. काहींनी संसर्गाच्या भीतीने खरोखर सोडली, काहींची उलट वाढली, असे दोन्ही प्रकारचे अनुभव नोंदले गेले. बंदीचा परिणाम कोणता आणि महामारीचा कोणता, हे वेगळे काढता येत नाही.

तिसरे उदाहरण अय्यप्पाच्या व्रताचे. तेलंगणाला लागून असल्याने या पट्ट्यात दर हिवाळ्यात काळे कपडे आणि गळ्यात माळ घातलेले, अनवाणी चालणारे ‘स्वामी’ सर्वत्र दिसतात. एक्केचाळीस दिवसांच्या व्रतात मांस, दारू आणि तंबाखू वर्ज्य असते. पहारेकरी नसतो, दुकाने उघडी असतात, तरीही वर्षभर बंडल जवळ बाळगणारा माणूस ते दिवस पार पाडतो. माळ उतरल्यावर पुष्कळ जण पूर्वपदावर येतात. व्रत मुळात सुटकेसाठी घेतलेलेच नसते, त्याला ठरलेली मुदत असते आणि मुदत संपल्याचा विधीही असतो. पण एक गोष्ट या उदाहरणातून निर्विवाद दिसते : शारीरिक त्रासाचा काळ मोठ्या संख्येने सामान्य माणसे औषधावाचून पार करू शकतात. हरण्याचे कारण पहिल्या आठवड्याच्या त्रासापुरते नाही.

सुटकेच्या दिवशी काय होते

तुरुंगांचा अनुभव या मुद्द्यावर सर्वांत बोलका आहे. अमेरिकेतील धूम्रपानमुक्त तुरुंगांतून बाहेर पडलेल्यांचा मागोवा घेतला तेव्हा बहुसंख्य जण काही दिवसांतच, अनेकजण सुटकेच्याच दिवशी, परत ओढू लागल्याचे दिसले. महिनोन्‌महिने शरीरात निकोटीन नसताना हे झाले. नेण्यासाठी आलेल्या मित्राने दारातच पुढे केलेली सिगारेट, जुने घर, जुना कट्टा, हातात पुन्हा आलेला पैसा आणि मोकळे झाल्याचा आनंद या सगळ्यांत सिगारेट आधीपासून गुंफलेली असते.

ऱ्होड आयलंड राज्यात जेनिफर क्लार्क यांच्या गटाने केलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग म्हणूनच महत्त्वाचा ठरला. धूम्रपानमुक्त तुरुंगातून लवकरच सुटणाऱ्या २४७ कैद्यांचे दोन गट केले. एका गटाला सुटकेआधीच्या सहा आठवड्यांत सहा वेळा समुपदेशन दिले आणि सुटल्यावर दोन दूरध्वनी केले, पहिला २४ तासांत आणि दुसरा आठवड्याने. दुसऱ्या गटाला आरोग्यविषयक चित्रफिती दाखवल्या. तीन आठवड्यांनंतर पहिल्या गटातले २५ टक्के ओढत नव्हते, दुसऱ्यातले ७ टक्के. तीन महिन्यांनी हे प्रमाण १२ आणि २ टक्क्यांच्या आसपास उतरले. बंदी दोन्ही गटांना सारखीच होती, फरक होता तो तयारीचा. तरीही आकडे तीन महिन्यांत निम्म्याने घसरले, ही बाब समुपदेशनाचे समर्थकही नाकारत नाहीत.

रुग्णालयांतून हाच निष्कर्ष वेगळ्या वाटेने येतो. नॅन्सी रिगोटी यांच्या गटाने अनेक प्रयोग एकत्र करून केलेल्या आढाव्यानुसार, खाटेवर असताना सुरू केलेले समुपदेशन घरी गेल्यावर किमान महिनाभर चालू ठेवले तरच सोडणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढते. दवाखान्यापुरताच उपदेश झाला तर फरक पडत नाही. छातीत कळ येऊन दाखल झालेला माणूस त्या आठवड्यात बिडीचे नाव काढत नाही. घरी परतल्यावर पंधरा दिवसांनी कोणी त्याला विचारले का, यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते. तालुका पातळीवर ही विचारणा आजही क्वचितच होते, आणि ही उणीव भरून काढणे सर्वांत कमी खर्चाचे आहे.

व्यसनाच्या अभ्यासात व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकन सैनिकांचे उदाहरण याच संदर्भात नेहमी येते. ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात दाखवले की तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात फार थोडे, सुमारे ५ टक्के, पुन्हा व्यसनात अडकले. ते ज्या जगात परतले त्यात हेरॉइन रोजच्या जगण्याचा भाग नव्हते. बिडीचे नेमके उलट आहे. माणूस कुठूनही परतला तरी बिडी असलेल्या जगातच परततो.

तलफ शरीरातून येते की आशेतून

सक्तीच्या काळात तलफ वाढते की कमी होते, यावर इस्राएलमधील रूवेन दार यांच्या अभ्यासांनी बराच पुनर्विचार करायला लावला. २०१० मध्ये त्यांच्या गटाने धूम्रपान करणाऱ्या विमान परिचारक-परिचारिकांची तलफ लहान आणि लांब पल्ल्याच्या उड्डाणांत मोजली. ती शेवटच्या झुरक्यापासून किती तास झाले यापेक्षा उतरायला किती वेळ उरला यावर जास्त अवलंबून असल्याचे दिसले. लहान उड्डाणाच्या शेवटी तलफ लांब उड्डाणाच्या मधल्या टप्प्यापेक्षा अधिक होती, शरीरातले निकोटीन मात्र तेव्हा जास्तच असणार. कल्याण कर्नाटक परिवहनच्या बसमध्येही हे रोज पाहायला मिळते. दोन-अडीच तास स्वस्थ बसलेले प्रवासी मन्नाएखेळ्ळीचा फाटा जवळ येताच चुळबुळू लागतात, बस थांबण्याआधीच दाराशी येतात, बंडल खिशातून निघालेले असते, काडेपेटी मुठीत असते, आणि जमिनीला पाय लागताच पहिला झुरका घेतला जातो.

त्याआधी, २००५ मध्ये, याच संशोधकांनी शब्बाथच्या दिवशी न ओढणाऱ्या धर्मनिष्ठ ज्यूंचा अभ्यास केला होता. तोच माणूस शब्बाथला फारशा त्रासाशिवाय दिवस काढत होता आणि कामाच्या दिवशी अभ्यासासाठी ओढू दिले नाही तर बेचैन होत होता. मिळणारच नाही आणि घ्यायचीच नाही, हे मनाने पक्के धरले की तलफ खाली बसते. कोणीतरी अडवले आहे आणि थोड्या वेळाने मिळेल, असे वाटले की ती चढते.

रमजान या दोहोंच्या मध्ये येतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत बिडीला हात न लावणारा रोजेदार दिवसभर शांत असतो, पण रोजा सोडल्यावर ओढण्याची मुभा त्याला असते. त्यामुळे सलग संयमाऐवजी रोजचा तुटक संयम घडतो आणि इफ्तारनंतरची पहिली बिडी अधिकच गोड होते. पश्चिम आशियात आरोग्ययंत्रणा रमजानला सोडण्याची संधी म्हणून वापरू पाहतात. नुसत्या रोज्याने ईदनंतरही सुटका टिकते, असे मात्र ठामपणे म्हणता येत नाही.

मालच बंद केला तर

संपूर्ण समाजावर घातलेल्या बंदीचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे एका माणसाच्या सुटकेबरोबर पुढच्या पिढीची लागण थांबते का, हेही पाहावे लागते.

भूतानने २००४ मध्ये तंबाखूची विक्री बंद केली आणि २०१० मध्ये कडक कायदा केला. माल भारतातून चोरून जात राहिला. २०१३ च्या सर्वेक्षणात १३ ते १५ वर्षांच्या मुलांमध्ये तंबाखूचा वापर सुमारे ३० टक्के आढळला. महामारीत सीमेवरून होणारी चोरटी ये-जा धोक्याची वाटल्याने २०२० मध्ये सरकारने विक्रीला परवानगी दिली आणि २०२१ मध्ये कायदाच बदलला. दक्षिण आफ्रिकेने २०२० मध्ये मार्चअखेरपासून १७ ऑगस्टपर्यंत सिगारेट विक्री बंद ठेवली. केप टाउन विद्यापीठाच्या पाहण्यांत बहुसंख्य ओढणारे दुपटी-तिपटीने पैसे मोजून काळ्या बाजारातून घेत असल्याचे आढळले. डिसेंबरमध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरवली.

महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये आणि कर्नाटकाने मे २०१३ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सीमाभागात ही बंदी कशी चालते हे कोणापासून लपलेले नाही. बीदरकडून लातूर-नांदेडच्या बाजूला जाणारा गुटख्याचा टेम्पो पकडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत नित्याच्या आहेत, आणि पानमसाल्याची एक पुडी व तंबाखूची दुसरी अशी जोडी घेऊन घरी गुटखा तयार होतो. तरीही बंदी निष्फळ म्हणणे योग्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी काही राज्यांत केलेल्या पाहणीत निम्म्याच्या आसपास वापरकर्त्यांनी बंदीनंतर आपले प्रमाण घटल्याचे सांगितले आणि बहुतेकांनी बंदीला पाठिंबा दिला. कॅनडात २०१५ ते २०१७ दरम्यान मेंथॉल सिगारेट बंद झाल्यावर त्या ओढणाऱ्यांनी इतरांपेक्षा जास्त प्रमाणात धूम्रपान सोडल्याचे आढळले.

मालाऐवजी जागेवर घातलेली बंदी सर्वांत शांतपणे काम करते. कामाची ठिकाणे पूर्णपणे धूम्रपानमुक्त केल्यास ओढणाऱ्यांचे एकूण प्रमाण ३.८ टक्के-अंकांनी घटते आणि उरलेल्यांच्या रोज सरासरी तीन सिगारेटी कमी होतात, असे २००२ मधील २६ अभ्यासांच्या एका आढाव्यात दिसले. भारतात सार्वजनिक ठिकाणच्या बंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. कर्नाटकाने अलीकडच्या दुरुस्तीने विक्रीसाठी वयाची अट २१ केली आणि सार्वजनिक धूम्रपानाचा दंड एक हजार रुपयांपर्यंत नेला. त्याच काळात, सप्टेंबर २०२५ मध्ये, जीएसटी परिषदेने बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. एका हाताने वयाची अट वाढवायची आणि दुसऱ्याने गरिबाची बिडी स्वस्त करायची, या दोन धोरणांचा मेळ बसत नाही.

दोन बाजूंचे म्हणणे

सक्तीच्या बाजूचे अभ्यासक आणखी दोन निष्कर्ष पुढे करतात. रॉबर्ट वेस्ट यांनी २००६ मध्ये दाखवले की आधी काही न ठरवता, एकदम सोडण्याचे प्रयत्न विचारपूर्वक आखलेल्या प्रयत्नांपेक्षा जास्त टिकलेले दिसतात. म्हणजे मनाची पूर्वतयारी अटळ असते, हे गृहीतच तपासायला हवे. २०१६ मधील एका इंग्रज प्रयोगात ६९७ जणांपैकी एका फटक्यात सोडणारे सहा महिन्यांनी २२ टक्के टिकले आणि हळूहळू कमी करणारे १५.५ टक्के. सक्ती नेमका असाच एकदम घाव घालते. शिवाय, या बाजूने म्हटले जाते, सोडावीशी वाटणारे लोक थोडे नाहीत. २०१६-१७ च्या सर्वेक्षणात भारतातल्या ५५ टक्के धूम्रपान करणाऱ्यांनी सोडण्याचा विचार असल्याचे सांगितले होते. ज्याला सोडायचेच आहे त्याला बाहेरचा टेकू मिळाला, तर ती त्याच्यावर जबरदस्ती ठरत नाही.

विरोधी बाजू म्हणते की हे दोन्ही अभ्यास स्वतःहून सोडणाऱ्यांचे आहेत. एकदम सोडणे आणि सोडायला लावणे यांत फरक आहे. सक्तीत माणूस बिडीला ‘नाही’ म्हणण्याचा सराव करत नाही, कारण समोर बिडीच नसते. टपरीसमोरून चालत जाणे, पंगत उठल्यावर मित्राने पुढे केलेले बंडल परत करणे, मळणीच्या रात्री जागे राहणे ही कामे बंद दाराआड शिकता येत नाहीत. त्यात सक्तीने मानहानी होते, आणि अपमानाच्या आठवणीला जोडलेला संयम टिकत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा लागू झाल्यापासून रुग्णाच्या इच्छेविरुद्ध दाखल करण्यावर कायद्यानेही मर्यादा आहेत.

पुरावा पाहता दोन्ही बाजूंचे निम्मे निम्मे बरोबर ठरते. सक्ती पहिला टप्पा ओलांडून देते आणि दुसऱ्या टप्प्यासाठी काहीच देत नाही. समुपदेशन, औषध किंवा विचारपूस यांची जोड नसलेली बंदी म्हणजे वाया घालवलेली संधी, हा निष्कर्ष लष्कर, तुरुंग आणि रुग्णालय या तिन्ही ठिकाणांहून येतो. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या तुरुंगांनी २०१७-१८ मध्ये धूम्रपानमुक्त होताना निकोटीनचे पर्याय आणि ई-सिगारेट यांचा आधार घेतला. भारतात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी असल्याने तो रस्ता बंद आहे. निकोटीनचे गम औषधाच्या दुकानात मिळते, आणि १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर बंगळुरूच्या निम्हान्स व मुंबईच्या टाटा रुग्णालयासह काही केंद्रांतून दक्षिणी भाषांत व मराठीतही मोफत सल्ला मिळतो.

स्वतःवर घातलेले बंधन

बाहेरची सक्ती आणि मनाची इच्छा यांच्या मधली जागा या वादात बराच काळ दुर्लक्षित राहिली. उत्तर कर्नाटकाने त्याचे एक मोठे उदाहरण घडवले आहे. इलकलच्या चित्तरगी मठाचे डॉ. महांत शिवयोगी (१९३०-२०१८) खांद्याला झोळी अडकवून गावोगाव फिरले आणि लोकांकडे दक्षिणेऐवजी त्यांचे व्यसन मागितले. माणूस चारचौघांत बिडीचे बंडल, तंबाखूची पुडी झोळीत टाकत असे आणि पुन्हा शिवणार नाही असा शब्द देत असे. ‘महांत जोळिगे’ या नावाने ही मोहीम दशकानुदशके चालली. त्यांचा जन्मदिवस, १ ऑगस्ट, कर्नाटक सरकार व्यसनमुक्ती दिन म्हणून पाळते. इथे पहारा नाही, पण गावाची नजर आहे आणि दिलेला शब्द आहे. अय्यप्पाच्या व्रताशी तुलना केली तर एकच भेद महत्त्वाचा ठरतो : या शपथेला मुदत नाही.

समाजाने जे वर्ज्य मानले तेवढेच सुटते, ही या बंधनाची मर्यादा. वारकऱ्यांची तुळशीची माळ घातल्यावर मांस आणि दारू सुटते, तंबाखू मात्र अनेक माळकऱ्यांच्या कनवटीला राहते, कारण ती वर्ज्यांच्या यादीत तितक्या ठामपणे आलेली नाही.

फिलिपिन्समधील एका बँकेने याच तत्त्वाचा पैशाने प्रयोग केला. ग्राहकाने सहा महिने स्वतःचे पैसे खात्यात भरायचे. शेवटी लघवीच्या तपासणीत निकोटीन सापडले तर रक्कम जप्त. हा देकार मिळालेल्यांपैकी थोड्याच जणांनी, सुमारे ११ टक्क्यांनी, तो स्वीकारला. तरीही ज्यांना तो मिळालाच नव्हता त्यांच्यापेक्षा त्या गटात सोडणाऱ्यांचे प्रमाण जास्त निघाले आणि वर्षभरानंतरही तो फरक दिसला. गडचिरोलीत डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने २०१६ पासून चाललेले ‘मुक्तिपथ’ अभियान हेच गावाच्या पातळीवर करू पाहते. गाव एकत्र बसून खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) आणि दारूची विक्री बंद करण्याचे ठरवते, म्हणजे बंदी वरून येत नाही आणि माणूस परततो ते वातावरणही तिच्याबरोबर बदलते.

अनिर्णित राहिलेले

बंदी किती दिवसांची असावी, याला आधारभूत उत्तर नाही. सहा आठवडे पुरत नाहीत, काही तुरुंगवासांत वर्षही पुरलेले नाही, त्यामुळे लांबीच्या पलीकडचे काही निर्णायक असावे असा तर्क होतो. ते नेमके काय, हे वेगवेगळ्या लांबीच्या आणि वेगवेगळ्या तयारीच्या गटांची तुलना झाल्याशिवाय सांगता येणार नाही.

सक्तीचा लाभ कोणाला होतो, हेही स्पष्ट नाही. ज्याला आधीच सोडायचे होते त्याला बंदीने मदत केली की त्याने बंदी नसतीही तरी सोडली असती? स्वतःहून व्रत किंवा शपथ घेणाऱ्यांच्या बाबतीत ही शंका अधिकच आहे, कारण झोळीत बंडल टाकायला पुढे येणारा माणूस मुळातच वेगळा असू शकतो. महांत जोळिगेसारख्या मोहिमेतल्या माणसांचा वर्षा-दोन वर्षांनी तपासणीसह मागोवा घेतला, तर भारतीय मातीतला याहून मोलाचा पुरावा दुसरा नसेल.

जवळजवळ सर्व भक्कम प्रयोग सिगारेटचे आणि श्रीमंत देशांतले आहेत. बिडी ओढणारा आणि तंबाखू खाणारा एकच माणूस असतो तेव्हा एकीवर घातलेली बंदी दुसरीचे प्रमाण किती वाढवते, हा सीमाभागासाठी सर्वांत निकडीचा प्रश्न आहे, आणि तो सोडवायचा तर बिडीबरोबर तोंडातली तंबाखूही मोजणारे अभ्यास हवेत. स्त्रियांचा वापर मुख्यतः मिश्री आणि पान-तंबाखूचा असल्याने सार्वजनिक जागेवरची कोणतीही बंदी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांच्यासाठी सक्तीचा प्रश्न वेगळाच मांडावा लागेल, आणि तो अजून कोणी नीट मांडलेला नाही.